‘बरं’ म्हणजे ‘घेतला’ नव्हे

९ जानेवारी

चिंगे,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, तोवर राग उतरला तर.

फोन का नाही केलास, असं विचारशील. अगं, फोनवर बोलायला तोंड लागतं. ते तू आणि तुझ्या सरांनी मिळून माझ्याकडे ठेवलंय कुठे? आणि मोबाईलवर एकेक अक्षर दाबत बसलं की राग निम्म्यावर येतो. मला तो निम्मा करायचा नाहीये. म्हणून कागद घेतला.

तर ऐक. डावा गाल शांत आहे. ज्या गालात तू इंजेक्शन टोचलंस आणि मी खुर्चीच्या दांड्या उपटायच्या बाकी ठेवल्या होत्या, तो गाल. आतल्या पांढऱ्या जाळीच्या रेघा आहेत अजून, पण लाल चट्टे बसलेत, आग नाही. काल त्या बाजूने मी पावाची कड चावली. कड! किती दिवसांनी. आणि उजवा गाल, ज्याला तू तो लाल ठिपक्याचा लेसर लावलास, ‘बघ मावशी, काही दुखतंय का’ म्हणालीस, तो पेटलाय. लेसर लावताना दुखलं नाही हे कबूल. बाकी सगळा वेळ दुखतंय. चहा गार करून पिते. टोमॅटो नुसता दिसला तरी डोळ्यांत पाणी येतं. दात घासताना न्हाणीघराचं दार लावून घेते, कारण तेव्हा माझ्या तोंडून जे शब्द निघतात ते शेजाऱ्यांच्या कानावर जाऊ नयेत.

आता कामाचं. एक मार्चला फुलबाजारात गुलाबाचा हंगाम उघडतो. तू शाळेतही जात नव्हतीस तेव्हापासून गुलाबाच्या ओट्यावर उभं राहून लिलाव मी पुकारते. तुला माहितीच आहे, आमच्याकडे वरून खाली यायचं. मोठ्या आकड्यापासून सुरुवात करायची, भराभर उतरायचं, आणि पहिला जो ‘घेतला’ म्हणेल त्याचा ढीग. पंच्याण्णव, नव्वद, पंच्याऐंशी, ऐंशी, पंच्याहत्तर. म्हणून बघ एकदा आरशासमोर. प्रत्येक ‘पंच्या’ला गाल दाढेवर घासतो. ज्या कुणी हे आकडे केले त्याच्या तोंडात जाळी नव्हती, एवढं नक्की.

आणि खाली भोंग्या उभाच आहे. तो कोपऱ्यातल्या ओट्यावर किरकोळ फुलं पुकारतो, कर्णा हातात घेऊन, कारण त्याचा आवाज दुसऱ्या रांगेपलीकडे जात नाही. रोज मला विचारतो, ‘मावशी, यंदा आराम करणार म्हणे?’ काय मेल्याची माया! बाजाराच्या अध्यक्षांनीही परवा विचारलं, ‘हंगामाला जमेल ना?’ मी नुसती मान डोलावली. तोंड उघडलं असतं तर कळलं असतं सगळं.

तेव्हा उजव्या गालातही सुई दे. लगेच दे. सुईचा गुण यायला महिनाभर लागतो हे तूच सांगितलंस. तारीख कळव, मी येते. दुखू दे काय दुखायचं ते.

मावशी

(नाही उतरला. आशीर्वाद शिल्लक ठेवले आहेत.)


१६ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र ओपीडीत वाचलं आणि हसू दाबता दाबता नाकी नऊ आले. रागावल्यावर तू जे लिहितेस ना, ते फ्रेम करून लावावं असं असतं.

आता थोडं डॉक्टर म्हणून बोलते, ऐक. तुझा हा लायकेन प्लेनस कायमचा जाणारा आजार नाही. उठतो आणि बसतो. मधेच आग वाढली म्हणजे उपचार फसला असं होत नाही. सुई चांगली की लेसर, हाच तर माझा प्रबंध आहे. सुईतलं स्टेरॉइड लवकर काम करतं, पण टोचताना जीव जातो, पुन्हा पुन्हा दिलं तर आतली कातडी पातळ होते, एखाद्याला तोंडात बुरशी येते. आमचा लेसर कापत नाही, जाळत नाही, नुसता प्रकाश. सावकाश काम करतो, पण अंगाला काही लावून जात नाही. तुझ्यासारखे दोन्ही गालांत सारखाच त्रास असलेले पेशंट मिळणं म्हणजे आम्हाला लॉटरी. एका गालाला सुई, दुसऱ्याला लेसर, माणूस तोच. तुलना एकदम चोख.

आणि एक सांगू? तुझ्या स्वतःच्या उत्तरांप्रमाणे उजवा गाल डाव्यापेक्षा सरस आहे! उजव्याचं विचारलं की दर वेळी तू ‘बरं आहे’ म्हणालीस. डाव्याचं विचारलं की ‘टोचलं बाई, टोचलं’. सरांचा लेसरवर किती जीव आहे तुला माहितीये. ते तुझी केस परिषदेत खास दाखवणार आहेत.

तेव्हा सुईचं मधेच काढू नकोस. लेसरच्या अजून चार खेपा आहेत, त्या होऊ देत. मऊ ब्रश वापर, गरम आणि आंबट टाळ, गुळण्यांचं औषध सोडू नकोस. हंगामापर्यंत होशील तू ठीक. आणि त्या भोंग्याकडे लक्ष देऊ नकोस.

तुझी चिंगी


२२ जानेवारी

डॉक्टरीणबाई,

तुझे सर आणि तुझा लेसर. नावातच ‘सर’ आहे, त्याच्यापुढे मावशी कुठे लागायला!

मी ‘बरं आहे’ म्हणाले? म्हणाले असेन. मी कुणाला म्हणत नाही? शेजारीण विचारते, बरं आहे. ताप चढलेला असतो, दूधवाला विचारतो, बरं आहे. तुझे काका गेले त्या दिवशी दारात येणाऱ्या प्रत्येकाने विचारलं, कशी आहेस, आणि मी प्रत्येकाला म्हणाले, बरं आहे. तेही टिपून ठेवायचं होतं कुणीतरी. नवरा गेला, सुधारणा आहे.

दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी हात जोडले असते आणि सोडून दिलं असतं. पण तू? सुट्टी लागली की तू माझ्याकडे असायचीस. गुलाबाच्या ओट्याखाली पालथ्या बादलीवर बसून पाय हलवत लिलाव ऐकायचीस. एकदा मला विचारलंस, ‘मावशी, तो माणूस बरं म्हणाला, तरी तू पुढे का गेलीस?’ आणि मी तुला सांगितलं, ‘बरं’ म्हणजे ऐकलं. ‘बरं’ म्हणजे घेतला नव्हे. ज्याला माल हवाय तो ‘घेतला’ म्हणतो, आणि तो ऐकू आल्याशिवाय मी थांबत नाही. त्यानंतर तू काय केलंस, आठवतंय? अंघोळीला चल म्हटलं की ‘बरं’ म्हणायचीस आणि ढिम्म बसायचीस. ओरडले की म्हणायचीस, ‘मी कुठे घेतला म्हणाले?’ सगळा बाजार हसायचा. तीच पोरगी आज पांढरा कोट घालून माझ्या ‘बरं’ला सौदा समजते!

आणि विचारलंस कसं, तेही आठव. एका हातात फाईल, मागे सर उभे, आणि तू म्हणतेस, ‘मावशी, आता बरं आहे ना?’ अगं, उत्तर तूच माझ्या तोंडात घातलं होतंस. तुझा चेहरा इतका फुललेला की मला ‘नाही’ म्हणवेना. वाटलं, पोरीला सरांसमोर तोंडघशी कशाला पाडा. म्हणून म्हणाले बरं. ते काय गालाचं उत्तर होतं? ते तुझं होतं.

इथल्या दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. म्हणाला, ‘तुम्ही मोठ्या हॉस्पिटलच्या अभ्यासात आहात, मी मधे हात घालणार नाही.’ म्हणजे तोंड माझं आणि त्यात हात कुणी घालायचा हे ठरवणार सगळे, मी सोडून.

लेसरच्या खेपांना मी येणार नाही असं म्हणत नाही, येईन. पण सुई दे. तिसऱ्यांदा लिहायला लावू नकोस.

मावशी


२ फेब्रुवारी

मावशी,

तू चिडलीस म्हणून मीही गप्प ऐकून घेईन असं समजू नकोस.

काकांचं मधे आणायची काय गरज होती? ते वाचून मला दिवसभर काही सुचलं नाही. आणि मी काय मनकवडी आहे? सकाळपासून माझ्यासमोर पेशंटची रांग असते. मी विचारते, ते सांगतात, मी लिहिते. आता प्रत्येकाच्या ‘बरं’च्या पोटात शिरून बघू की काय? तू माझ्या प्रेमापोटी खोटं बोललीस, ठीक आहे. पण मग खोटं तुझं आणि चूक माझी, हा कुठला न्याय? तुझ्याच बाजारात एकदा तोंडातून शब्द गेला की गेला, असं तूच म्हणतेस ना? मग आता माझ्यावर का खेकसतेस?

आणि तुला वाटतं तितकं सोपं नाहीये ते. आत्ता उजव्या गालात सुई घातली की तू अभ्यासातून बाद. दोन पेशंट आधीच सोडून गेलेत. तू बाद झालीस की हवा तो आकडा भरत नाही, सर प्रबंधावर सही करणार नाहीत, आणि माझी परीक्षा पुढच्या वर्षावर जाते. दहा मार्चला शेवटची तपासणी आहे. अकराला मी स्वतः तुझ्या उजव्या गालात सुई देते, शब्द देते. एक महिना आणि थोडे दिवस. एवढं तुझ्याकडून मागायचा मला काहीच हक्क नाही का?

मला हे तुला सांगायचं नव्हतं. चिडून लिहिलं गेलं. आता लिहिलंच आहे तर पाठवते.

चिंगी


७ फेब्रुवारी

असं आहे तर.

तरी म्हटलं, एवढी हुशार मुलगी, तिला साधी गोष्ट कशी कळेना. कळत होतं सगळं. सोळा तारखेच्या पत्रात मला ब्रश मऊ वापर म्हणून सांगत होतीस तेव्हाही कळत होतं. माझा गाल तुझ्या परीक्षेला जामीन ठेवलाय, एवढंच काय ते सांगायचं राहिलं होतं.

एक मार्च आधी येतो आणि दहा मार्च नंतर. एवढं कॅलेंडर मलाही कळतं. तुला ते दिसलं नाही असं मी म्हणणार नाही, कारण मग तुला आंधळी म्हणावं लागेल. दिसलं. आणि तू दोन्ही तारखा शेजारी ठेवून तुझी उचललीस.

तळपायाची आग मस्तकात गेली आहे, अक्षर बघ. कर तुला काय करायचंय ते! भर तुझा आकडा. मला काही सांगू नकोस आणि काही विचारू नकोस.


१३ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र आलं. रागात लिहिलंयस, पण समजून घेतलंस, याचा मला किती आधार वाटला ते सांगता येत नाही. ‘भर तुझा आकडा’ हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि रडले. आई म्हणालीच होती, मावशी वरून फणसासारखी असली तरी तुला नाही म्हणणार नाही.

लेसरच्या खेपेला आलीस तेव्हा गालाचं काही विचारलं नाही. मीच म्हटलं, कशाला त्रास द्या. सोबत दोन मऊ ब्रश आणि बधिर करणारं मलम पाठवते आहे. हंगामाच्या दिवशी पुकारायच्या आधी मलम लाव. तासभर तरी आग जाणवणार नाही. अकरा मार्च लक्षात आहे माझ्या.

तुझीच चिंगी


४ मार्च

चिंगे,

लिहिणार नव्हते. पण तुला कळायला हवं, आणि ते भोंग्याच्या किंवा तुझ्या आईच्या तोंडून कळू नये.

एक तारखेला ओट्यावर चढले. खाली सगळा बाजार. नवी फुलं, पाण्याच्या बादल्यांची रांग, वासाने जीव भरून येतो असा दिवस. तुझं मलम लावलं होतं. आग नव्हती जाणवत, खरं आहे. गालच जाणवत नव्हता. जीभ कुठे संपते आणि गाल कुठे सुरू होतो, पत्ता नाही. दाढ गालात रुतत होती आणि मला ते रक्ताची चव आल्यावर कळत होतं.

पहिले काही ढीग गेले कसेबसे. मग आमच्या त्या लंगड्या माळ्याचा ढीग आला, सगळ्यात लांब दांड्याचे लाल गुलाब. वर्षभर तो माणूस ह्या एका दिवसाची वाट बघतो. मी शंभरला उघडला. खाली आले, पंच्याण्णव म्हणाले. माझ्या मते पंच्याण्णव म्हणाले. माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं ते ऐकलं समोरच्यांनी. पंचावन्न. आणि एकदम चार जण ओरडले, ‘घेतला!’

मी म्हटलं, पंच्याण्णव, पंच्याण्णव! पुन्हा तेच निघालं. जितकं जोर लावून म्हणावं तितकं तोंड वाकडं होत होतं. पोरं हसायला लागली. एक म्हणाला, ‘मावशी सकाळी सकाळी लावून आल्यात काय?’ आयुष्यात पहिल्यांदा माझ्या ओट्यावर हसू फुटलं ते माझ्यावर.

आमचा नियम तुला माहितीये. पुकारलेला आकडा परत घेता येत नाही. लोकांनी ऐकला तोच आकडा. ढीग पंचावन्नला गेला. माळ्याने माझ्याकडे बघून हात जोडले, आणि टोपलीत राहिलेली पानं झाडत बसला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

अध्यक्ष वर आले, मला म्हणाले, ‘मावशी, खाली या, पाणी प्या.’ खाली उतरले तेवढ्यात भोंग्या वर चढला. कर्णा घेऊन. उरलेले सगळे गुलाब त्याने पुकारले. ‘पंच्याण्णव’ किती स्वच्छ म्हणतो गं तो, माझी नक्कल करत तोंड वाकडं केलं तरी!

आता तुझ्या त्या पत्राचं. ‘समजून घेतलंस’ म्हणे! ‘कर तुला काय करायचंय ते’ ह्याचा अर्थ कर असा होतो, हे तुला कुठल्या शाळेत शिकवलं? ह्या भाषेत जन्मलेल्या शेंबड्या पोरालासुद्धा कळतं की आई असं म्हणाली की हातातलं ठेवून गुपचूप जवळ जायचं असतं. तू तीनदा वाचलंस आणि तिन्ही वेळा तुला हवं तेच वाचलंस. ‘बरं’चंही तेच केलंस. तुझे कान तपासायला हवेत, माझं तोंड नव्हे.

मला सुई नको, लेसर नको, तू नको.


९ मार्च

मावशी,

तुझं पत्र आल्यापासून काय काय केलं ते सरळ सांगते, सजवून नाही.

तुला अभ्यासातून काढलं. सरांना सांगितलं. ते म्हणाले, ‘दोन-तीन दिवस थांबली असतीस, दहाला तपासणी आहे.’ मी म्हटलं, एक मार्चच्या आधीच हे थांबवायचं होतं, तेव्हा मी थांबवलं नाही. त्यांना अर्थातच काही कळलं नाही. खूप बोलले. प्रबंध ह्या वर्षी होत नाही.

मग बाकीच्या पेशंटना एकेक करून फोन लावले. ह्या वेळी ‘बरं आहे ना’ असं विचारलंच नाही. विचारलं, चहा गरम पिता की गार करून? पावाची कड कुठल्या बाजूने चावता? दात घासताना कुठली बाजू चुकवता? मावशी, ज्यांच्या नावापुढे मी सुधारणा लिहिली होती त्यातल्या बऱ्याच जणांनी चुकवायची बाजू लेसरचीच सांगितली. एक आजोबा म्हणाले, ‘तुम्ही इतक्या आपुलकीने विचारायच्या, मग नाही कसं म्हणायचं?’ सगळ्यांचं तसं नाही. काहींना लेसरने खरंच गुण आहे, सुई नको रे देवा म्हणणारेही आहेत, एका बाईंना सुईनंतर बुरशी आली होती तीही मी किरकोळ म्हणून सोडली होती. कोण जिंकलं ते आता मला माहीत नाही. मी विचारलंच चुकीचं होतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तू मला सांगितलं होतंस. जानेवारीत, स्पष्ट, सुई दे म्हणून. ‘बरं’चा घोळ मला समजला नाही असं म्हणता येईल, पण ‘सुई दे’ ह्यात न समजण्यासारखं काय होतं? काही नव्हतं. मला परीक्षा हवी होती.

गुरुवारी सकाळी ये. माझ्याकडून नको असेल तर दुसऱ्या डॉक्टर आहेत, हात माझ्यापेक्षा हलका आहे, मी खोलीतही थांबणार नाही. पण ये. माझ्यावरच्या रागाने गाल जाळून घेऊ नकोस.

मला माफ कर.

चिंगी


२८ एप्रिल

मावशी,

शेवटी आलीस, आणि उजव्या गालातल्या दोन्ही सुया माझ्याकडूनच घेतल्यास. दोन्ही वेळा सुई झाली की उठून गेलीस, आणि मला काही विचारायचं धाडस झालं नाही. म्हणून लिहून विचारते. चहा कसा पितेस? कड कुठल्या बाजूने चावतेस? पंच्याण्णव म्हणून बघितलंस का? ‘बरं’ हे उत्तर चालणार नाही.

आणि एक प्रश्न आहे, तो गालाचा नाही. मला माफ केलंस का?

चिंगी


५ मे

चिंगे,

विचारलंस त्याच क्रमाने सांगते.

चहा गरम पिते. वाफ येते तसा. पहिल्यांदा प्याले त्या दिवशी कप संपेपर्यंत खिडकीत उभी होते, कुणी मधे बोलू नये म्हणून.

कड उजव्या बाजूने चावते, मुद्दाम. रेघा आहेत आत, पण लाल काही उरलं नाही. ही जाळी पुन्हा उठेल हे मला माहितीये, तू सांगितलंयस. उठली की पहिला प्रश्न मी विचारीन आणि उत्तरही मीच देईन. तुझ्या हाताला अजून घाई आहे, दुसऱ्या खेपेला सुई जरा आडवी गेली. सुधार.

पंच्याण्णव. आरशासमोर म्हटलं, न्हाणीघरात म्हटलं, जिन्यात म्हटलं. खणखणीत निघतं. शेजारीण म्हणाली, ‘काय हो, कुणाला विकताय?’

पण विकायला ओटा कुठे आहे? गुलाब भोंग्याकडे गेले ते गेले. मी अध्यक्षांकडे जाऊन उभी राहिले, तोंड उघडून दाखवलं, आत टॉर्च मारून बघा म्हटलं. ते म्हणाले, ‘मावशी, तोंडाचा प्रश्न नाही, व्यापाऱ्यांचा विश्वास बसायला वेळ लागेल.’ मला कोपऱ्यातला ओटा दिलाय, त्याचाच जुना. पिवळी शेवंती आणि हिरवा पाला. पाला पुकारते मी आता, चिंगे. गळा चांगला, गाल चांगला, आणि पाला. लंगडा माळी समोरून जातो तेव्हा मान खाली घालतो, मला लाज वाटू नये म्हणून. ते मला सहन होत नाही. रोज सकाळी त्या ओट्यावर चढताना मला तू आठवतेस, आणि जे आठवतं ते चांगलं नसतं. तुझी मावशी आहे म्हणून खोटं सांगणार नाही. एकदा सांगून बघितलं, त्याचं काय झालं ते दोघींनी पाहिलंय.

परीक्षा बुडाली त्याचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. पेशंटना गार चहा की गरम असं विचारलंस, ते मात्र माझ्या भाचीला शोभलं.

आता शेवटचा प्रश्न. माफ केलं का. तुझी माफी दोनदा वाचली. ऐकली. बरं.

बादलीवर बसून शिकलेली असशील तर ह्याचा अर्थ तुला सांगायला नको. पण तू काय काय विसरलीस ह्याचा मला आता भरवसा नाही, म्हणून सांगते. जो ढीग विकला जात नाही तो आम्ही फेकत नाही. दांड्या छाटतो, पाण्यात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडतो. कागदावरून मी कधीच काही घेतलेलं नाही, माल समोर लागतो. रविवारी बाजार बंद असतो. ये, समोर बस, आणि ही माफी तोंडाने माग. मी ‘घेतला’ म्हणेन की नाही ते आत्ता सांगत नाही.

मावशी

आशीर्वाद अजून माझ्याकडेच आहेत. येताना रिकाम्या हाताने ये, परत जाताना बघू.